उंट एका मताने पुढे

नेल्लाट बेट, वडक्कापुरा घर
जहाज येण्याचा आदला दिवस

आदरणीय आट्टकोया मामांना भाचा नल्लकोयाचा अदबीने सलाम.

तुमचा डावा गुडघा, तुमचं दुकान आणि दुकानाच्या माळ्यावरची तुमची झोपायची जागा (तिथे डास फार, असं मामी सांगतात) हे सगळं ठीक असावं अशी दुआ करतो. इकडे सगळे खुशाल आहेत. उम्माचा दमा ओहोटीला कमी आणि भरतीला जास्त असा चालू आहे. वडील रोज रात्री जेवायला येतात आणि पहाटे आपल्या आईच्या घरी परत जातात, म्हणजे तेही ठीक आहेत. मुत्तुबी मामींचे दात पुन्हा दुखत होते, पण ते तुम्हाला माहीतच असणार, कारण दात दाखवायला त्या दर वर्षी कालिकतलाच येतात.

मागच्या पत्रात मी मुख्य गोष्ट शेवटी लिहिली होती आणि तुम्ही शेवटपर्यंत वाचलं नाहीत असं समजलं. म्हणून ह्या वेळी ती आधीच लिहितो. माझं लग्न अडलं आहे. मुलीकडची माणसं राजी आहेत (मुलगी कोण ते ओघाने येईल), मुलगी त्यांच्याहून राजी आहे. पण थोरला मामा ओसरीवर बसल्याशिवाय वडक्कापुऱ्यात आजवर कुणाचं लग्न लागलेलं नाही, आणि आमचे थोरले मामा दोन निवडणुकांपासून कालिकतला बसले आहेत. जेट्टीवर तुम्ही सगळ्यांसमक्ष शपथ घेतलीत की, नेल्लाटवर उंट पुढे जाईपर्यंत ह्या वाळूवर पाय ठेवणार नाही. शब्द हेच होते. मी चार साक्षीदारांना वेगवेगळं विचारून खात्री केली आहे, आणि ती का केली ते पुढे कळेल.

शपथेचं कारण मी तुम्हाला सांगावं असं नाही. हरल्यावर घामाघूम होऊन बसलेल्या माणसाच्या हातात कुणी झावळीचा विंझणा ठेवला आणि 'घ्या मामा, आमच्याकडून' असं म्हटलं, तर कुणालाही राग येईल. पण आमच्या निवडणुकांचा इतिहास पाहिला तर मामा, इतकं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. सुरुवातीला तर आमचा खासदार दिल्लीहूनच नेमला जायचा. कुणी हरत नसे, त्यामुळे कुणी कुणाशी बोलणं टाकत नसे. मग मतदान आलं, आणि निशाणी म्हणून आपल्याला उंट मिळाला, त्यांना पंखा. उंट हजला जाऊन आलेल्यांखेरीज कुणी पाहिला नव्हता, आणि ज्यांनी पाहिला होता ते सांगत की तो लाथ मारतो. पण पंख्याची स्थिती त्याहून वाईट होती. बेटावर वीजच नव्हती, त्यामुळे लोकांना ते तीन पाकळ्यांचं फूल वाटायचं, आणि फुलाला मत देण्यापेक्षा जनावर बरं म्हणून उंट वर्षानुवर्षं जिंकत राहिला. मग आपल्याच खासदाराने वीज आणली. पहिल्या उन्हाळ्यात लोक पंख्याखाली झोपले आणि पुढच्या निवडणुकीत पंखा जिंकला. (आपण केलेल्या कामावर दुसरा निवडून येतो, हे तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात. उम्मा म्हणते, वीज नसती आली तर भाऊ घरी असता.)

तेव्हापासून घरं ठरून गेली आहेत. ज्या घरात आई उंटाची, त्या घरातली मुलं उंटाची. दोन चहाची दुकानं, जाळी वाळवायला दोन वेगळे किनारे, लग्नात बिर्याणीची दोन भांडी. तरीही उंटाच्या पोरांचं मन पंख्याच्या पोरींवरच जातं, ह्याला कोणत्याही पक्षाकडे उपाय नाही.

ह्या निवडणुकीला किडाव हाजींनी (ते आता उंटाचे नेल्लाटचे प्रमुख आहेत, तुमच्या जागी) मला बोलावून सांगितलं की, तुझं अक्षर चांगलं आहे, तू नीटनेटका आहेस, आपली मतं किती ते मतदानाआधी तू मोज. तुम्ही असताना हे काम तुम्ही पहाटे जेट्टीवर बसून करायचात, हे मला ठाऊक होतं. पण पहाटे अंधार असतो, आणि अंधारात मोजलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून मी घरोघर गेलो. उंटाच्या प्रत्येक घरी संध्याकाळी जाऊन जेवायला बसलेले सगळे जण मोजले. नंतर वाटलं, कुणी राहून तर गेलं नसेल? ह्या विचाराने झोप लागेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरांमध्ये पुन्हा गेलो, आणि खरोखरच मामा, प्रत्येक घरी संध्याकाळी नव्हते असे कितीतरी पुरुष चहा पीत बसलेले सापडले. माझ्या काळजीचं सार्थक झालं असं वाटलं. त्यांनाही मिळवलं. हाजींनी आकडा ऐकला आणि उभे राहून माझ्या पाठीवर हात ठेवला. पंख्याकडची मोजणी माझ्याबरोबर शाळेत होता तो हमजा करत होता. दोनदा जाण्याची माझी पद्धत त्याला आवडली आणि त्याने ती उचलली. त्यांचाही आकडा उत्तम आला. दोन्ही पक्षांनी विजयाच्या जेवणासाठी बकरे मागवले आणि ते एकाच जहाजातून आले.

मधल्या काळात उमेदवाराची सभा झाली, म्हणजे नेमकी झाली नाही. आपला उमेदवार ओहोटीच्या वेळी आला. बोट खडकांच्या आत येईना. त्याने बाहेरूनच कर्णा लावून भाषण केलं. वारा जमिनीकडून होता, त्यामुळे आम्हाला फक्त 'बर्फ', मग बराच वेळ काही नाही, मग 'कारखाना' आणि पुन्हा काही नाही, एवढंच ऐकू आलं. मासळीसाठी बर्फाचा कारखाना मिळणार असं आम्ही धरून चाललो आणि टाळ्या वाजवल्या. पंख्याची माणसंही किनाऱ्यावर होती. त्यांनीही वाजवल्या, कारण त्यांना वाटलं कारखाना मिळणार नाही असं तो सांगतो आहे.

मतदानाच्या सकाळी उम्माने नाश्ता वाढताना सहज विचारलं की किती मतं निघाली. मी आकडा सांगितला. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. एवढी माणसं बेटावर आहेत तरी का, म्हणाली. मी म्हटलं, स्वतः जाऊन मोजली आहेत, संध्याकाळची आणि सकाळची. ती माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "संध्याकाळी तुझा बाप कुठे मोजलास?"

"इथेच. आपल्या घरी, जेवताना."

"आणि सकाळी?"

"त्यांच्या आईच्या घरी. चहा पिताना."

"नल्ला," ती म्हणाली, "तुझा बाप एकच आहे, तोही रात्रीपुरता. तू त्याची दोन मतं केलीस?"

मामा, तेव्हा मला तुमची पहाट आठवली. नवरे बायकोच्या घरून उठून आईच्या घरी जायला निघतात आणि रस्त्यावर प्रत्येक माणूस एकदाच सापडतो, म्हणून तुम्ही त्या वेळी जेट्टीवर बसत होतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. बेटावरचा प्रत्येक लग्न झालेला पुरुष मी रात्री जावई म्हणून आणि सकाळी मुलगा म्हणून धरला होता. जावयांत तर निम्मे पंख्याच्या आईचे. बकरे दाराशी बांधलेले होते आणि माझं लग्न आकड्यातून निघून चाललं होतं.

हाजींना सांगायचं धैर्य झालं नाही. मी ठरवलं की जी मतं कमी पडतील ती दिवसभरात गोळा करायची. सायकल काढली आणि कुंजीबी आजींकडे गेलो. त्या चालू शकत नाहीत, म्हणून त्यांना कुणी आणत नाही, आणि त्या कोणाच्या हे मी विचारलं नव्हतं. त्यांना मागच्या बैठकीवर बसवून, वाळूत दोनदा पडून (मी पडलो, त्या बसूनच राहिल्या) केंद्रावर नेलं. वाटभर त्यांना उंटाचं महत्त्व सांगितलं. बाहेर आल्यावर त्या समाधानाने म्हणाल्या, "बिचाऱ्याची पाठ मोडलेली आहे रे. बघून जीव तुटला. पण ह्या वयात वारा हवाच." मग, आलोच आहोत तर, म्हणून परत जाताना मला त्यांच्या तिन्ही बहिणींच्या घरांवरून जायला लावलं. तिन्ही बहिणी पंख्याच्या. त्यांनाही केंद्रावर यायचं होतं. सायकल दारात उभी होती आणि वडीलधाऱ्यांना नाही म्हणायचं कसं, ते मला घरात शिकवलेलं नाही. अशा रीतीने संध्याकाळपर्यंत पंख्याची चार मतं मी स्वतः वाहून नेली.

पेट्या जहाजाने गेल्या. मोजणीला आपल्याकडून किडाव हाजी गेले होते. तिसऱ्या दिवशी बिनतारीवर त्यांचा निरोप आला: 'जागा गेली. नेल्लाट आपलं. एक.' पोस्टमास्तरांनी तो तीन वेळा वाचला. म्हणजे खासदार पंख्याचा, पण आपल्या बेटावर उंट एका मताने पुढे. आता जिंकलं कोण ह्यावर मशिदीजवळच्या गल्लीत दोन मिरवणुका समोरासमोर आल्या आणि कुणीच मागे हटेना. शेवटी बकरे कापलेलेच होते म्हणून दोन्हीकडे जेवणं झाली, आणि लग्न झालेले सगळे पुरुष एकदा आईच्या पंक्तीला जेवले आणि एकदा बायकोच्या. मत एकच होतं, पण जेवण दोनदा. (इथे माझा आकडा तंतोतंत बरोबर आला, ही नोंद कुणीच घेतली नाही.)

तर मामा, तुमची शपथ 'नेल्लाटवर उंट पुढे जाईपर्यंत' अशी होती, त्यात जागेचा उल्लेख नव्हता. काजींनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, एक मत म्हणजे पुढेच. शपथ फिटली आहे. तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल लावा, आणि चूकभूल पोटात घाला.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
नल्लकोया

ता.क. मुलगी कोण ते ओघात आलं नाही. ती तुमची साराबी. तुमचीच मुलगी असली तरी घर आईचं, म्हणजे मुत्तुबी मामींचं, म्हणजे पंख्याचं, म्हणून वर लिहिताना हात थांबला. तेव्हा ओसरीवर तुम्हाला आमच्याकडून मामा म्हणून बसायचं आहे, आणि तिच्याकडून बाप म्हणूनही. एक माणूस दोन्ही घरी मोजला जाणार आहे, आणि ह्या वेळी हिशेब बरोबर आहे. मी उम्माकडून तपासून घेतला.

पुन्हा ता.क. ते एक मत कुणाचं ह्याचा पंख्याची माणसं घरोघर शोध घेत आहेत. मला काही माहीत नाही. मी एवढंच पाहिलं की मतदानाच्या दुपारी, निकालाला तीन दिवस बाकी असताना, मुत्तुबी मामींनी तुमची खाट बाहेर काढून उन्हात टाकली होती आणि तिची नवाड आवळत बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ह्यातलं काही पत्रात लिहू नकोस, म्हणून मी ते पत्र संपल्यावर लिहितो आहे. तुमच्यासाठी निरोप मात्र त्यांनी दिला आहे, तो जसाच्या तसा: "त्यांना म्हणावं, उंटाचं मला काही सांगू नका. शेवटचा दात मागच्या खेपेला काढला. आता कालिकतला यायला माझ्या तोंडात निमित्त उरलं नाही."