स्ट्राउडच्या कानांची बातमी

३ मार्च १९३९, शुक्रवार

एव्हरेट स्ट्राउडला ऐकू येत नाही. आज सेटवर माझी खात्री पटली.

थॉर्नक्रॉफ्टबाईंनी वर्तमानपत्रातल्या आपल्या सिनेनटांच्या भानगडींच्या सदरासाठी मला पाठवलं होतं भलत्याच कामाला – त्याचं आणि नायिकेचं काही चाललंय का, ते बघायला. तसलं काही दिसलं नाही. पण त्याच्या पाठीमागे दिव्याचा उंच स्टँड कोसळला. आम्ही सगळे दचकलो, एका बाईनं तर किंकाळी फोडली. स्ट्राउड मात्र शांतपणे कॉफी पीत होता. लोकांचे चेहरे बघून मग वळला.

आणि तो बोलताना डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. आमच्या गावी, डुलुथच्या लाकूड गिरणीच्या गोंगाटात वीस वर्षं काढल्यावर बाबा असेच बघायचे. त्यांच्याशी बोलताना मला कायम वाटायचं, माझ्या दाताला काही अडकलंय की काय.

कॅमेऱ्याखाली हेझल नोवोत्नी बसते, प्रत्येक सीनची टिपणं ठेवायला. समोरच्या नटाचं वाक्य संपलं की ती पेन्सिल कॉलरला लावते. मग स्ट्राउड बोलतो. इतक्या माणसांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही!

६ मार्च, सोमवार

आज त्यानंच मला मेकअपच्या खोलीत बोलावलं. म्हणाला, "मिस डालग्रेन, परवा तुम्ही माझ्याकडे फार निरखून बघत होतात." मी बाबांचं सांगितलं. सावकाश, ओठ नीट हलवून. त्याचा चेहरा एकदम सैलावला.

डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्यात आता फक्त जाडे आवाज येतात. स्टुडिओत हेझलशिवाय कुणाला माहीत नाही. कळलं तर करार त्याच दिवशी संपेल.

"तुमच्या वडिलांनी शेवटी काय केलं?"

"घराबाहेर पडणं सोडलं."

तो हसला. "मला तेही जमणार नाही. गावोगावच्या भिंतींवर माझा चेहरा चिकटवलाय."

कुणाला सांगणार नाही, असं मी म्हणाले. त्यानं मागितलंही नव्हतं, मीच शब्द दिला. देताना अगदी मनापासून दिला.

१० मार्च, शुक्रवार

दुसऱ्या वर्तमानपत्रात असंच सदर लिहिणाऱ्या बाईनं एका घटस्फोटाची बातमी आमच्या आधी छापली. थॉर्नक्रॉफ्टबाई सकाळपासून भडकलेल्या. टाइप करणाऱ्या पोरींसमोर मला म्हणाल्या, "विनी, तीन आठवडे झाले. कोण काय जेवलं, एवढंच आणतेस तू. ते मला वेटर फुकट सांगतो. रविवारपर्यंत काही आण, नाहीतर डुलुथची गाडी पकड."

अकरा वर्षं झाली. त्यांच्या सदरातल्या निम्म्या बातम्या माझ्या. पोरी माना खाली घालून बसल्या होत्या. एक हसू दाबत होती.

१२ मार्च, रविवार

सांगितलं.

बाईंच्या हिरवळीवर दुपारची पार्टी होती. हातात ग्लास घेऊन त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, "मग?" म्हणाल्या. मी म्हटलं, एक नट आहे. आधी नाव सांगितलं नाही. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि नाव माझ्या तोंडातून गेलं. मग हेझलच्या पेन्सिलीचंही सांगितलं. ते तर त्यांनी विचारलंही नव्हतं. गोष्ट रंगत गेली आणि मला थांबवेना.

"पण नाव छापणार नाही असं वचन द्या."

"दिलं बाई, दिलं." आणि अंगठ्यांचा हात माझ्या गालावर ठेवला. "शहाणी माझी ती."

इथे खोटं लिहून काय उपयोग – मला ते आवडलं.

१३ मार्च, सोमवार

त्याला जाऊन सांगावं. अजून वेळ आहे. उद्या जाते.

१६ मार्च, गुरुवार

गेले नाही.

१८ मार्च, शनिवार

छापून आलं. "तो कोण देखणा नायक, जो नायिकेचं प्रेम कानांनी नव्हे, डोळ्यांनी ऐकतो? ज्यांना नाव हवं असेल त्यांनी एका पेन्सिलीला विचारावं."

नाव नाही. बाईंनी वचन पाळलं. दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक न्हाव्याला नाव माहीत होतं.

२३ मार्च, गुरुवार

मेकअपवाल्या बाईनं फोनवर सगळं सांगितलं. स्टुडिओच्या साहेबांनी त्याला रंगवलेल्या पडद्याकडे तोंड करून उभं केलं आणि दिग्दर्शकाला पाठीमागून हाक मारायला लावली. तीनदा. तिसऱ्यांदा तर ओरडूनच. तो हलला नाही. थोड्या वेळानं तो आपणच वळला आणि विचारलं, "झालं?"

करार संपला. हेझललाही काढलं – माहीत असून लपवलं म्हणून.

२४ मार्च, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात कॉफीच्या काउंटरवर हेझल भेटली. मला टाळायला हवं होतं तिनं. उलट शेजारचं स्टूल ओढून मला बसवलं.

"माझीच चूक, विनी. मी फार उघडपणे करत होते. आधी पेन्सिल नुसती मांडीवर ठेवायचे, तेच बरं होतं. कुणीतरी बघितलं असणार."

मी तिच्यासाठी केक मागवला. काय बाई आहे मी! केक मागवला. ती नको म्हणत होती, मी आग्रह करत होते.

२ एप्रिल, रविवार

शेवटी त्याच्या घरी गेले. दारातच म्हणाले, "मी सांगितलं. बाईंना मीच सांगितलं."

स्ट्राउड बाजूला झाला, मला आत घेतलं. पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. एक खुर्ची रिकामी करून दिली.

"माहीत आहे. त्या पार्टीत मी होतो. पोहण्याच्या तलावाच्या पलीकडे. तुमचं तोंड माझ्याकडे होतं."

माझा हात आपोआप तोंडावर गेला.

"नाव छापू नका म्हणालात, तेही दिसलं," तो म्हणाला.

"मग येऊन मला जाब का नाही विचारलात? छापून यायला सहा दिवस होते."

"मला वाटलं, तुम्ही याल. सोमवारी शूटिंग संपल्यावर घरीच थांबलो. मंगळवारीही. गुरुवारी कुठे जेवायला जायचं होतं, तेही रद्द केलं."

तो चिडून बोलला असता तर सोसलं असतं. ट्रेन चुकल्याचं सांगावं तसं सांगत होता. मी रडले. त्यानं खोक्यातून रुमाल शोधून दिला.

मग म्हणाला, "लोक मला लबाड समजतायत. मी दोन वर्षं काम कसं केलं, ते लिहा. हेझलनं काय केलं, तेही. आणि बातमी कशी बाहेर पडली, तेही. सगळं, तुमच्या नावानं. बाईंच्या सदरात नको."

मी हो म्हटलं. पुन्हा एकदा शब्द दिला. या वेळी त्यानं मागितला होता.

५ एप्रिल, बुधवार

अकरा पानं झाली. शेवटचा परिच्छेद माझा – हिरवळ, ग्लास, पेन्सिल, गालावरचा हात. लिहून झाल्यावर हलकं वाटलं. बाईंची नोकरी सोडली. "कोण विचारणार तुला?" म्हणाल्या. विचारू देत नाहीतर नको.

७ एप्रिल, शुक्रवार

लेख एका मोठ्या वर्तमानपत्राच्या संपादकांना दिला. माझ्यासमोर वाचला. चष्मा काढून म्हणाले, "मिस डालग्रेन, इतकी वर्षं होतात कुठे? रविवारी छापतो. तुमच्या नावानं सदर सुरू करू."

९ एप्रिल, ईस्टर

छापला. सकाळपासून फोन वाजतोय. हेझल रडत होती – "माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं, विनी, तू राहिलीस." दोन स्टुडिओंनी स्ट्राउडची चौकशी केली म्हणतात. स्ट्राउडकडून काही नाही.

संपादकांना दिला तो लेख दहा पानांचाच होता. शेवटचा परिच्छेद संपादकांनी कापलेला नाही. त्यांनी तो पाहिलाच नाही. त्यांच्या दाराशी पोचण्याआधी, जिन्यात, मीच ते अकरावं पान काढून पर्समध्ये ठेवलं.