हात वर करायचा नाही

५ मे, सोमवार. मालगुंड.
कोल्हापूरहून संध्याकाळी घरी आलो. पाठीत दोन बारीक वायरी, कमरेच्या पट्ट्यावर बॅटरी, हातात रिमोट. नसांना करंट देऊन पायाची आग थांबते का, ते आठवडाभर बघायचं. थांबली तर कायमचं मशीन आत बसवणार. वायरी नुसत्या चिकटपट्टीवर आहेत, सरकल्या की ट्रायल फुकट. म्हणून नियम. वाकायचं नाही, पाठ पिळायची नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही, आंघोळ नाही, गाडी चालवायची नाही.
नियम सांगणाऱ्या डॉक्टर राही माझ्या मुलीच्या, ईशाच्या वयाच्या. मी नुसता हसलो. लोट्याच्या केमिकल कंपनीत मी निवृत्तीपर्यंत सेफ्टी ऑफिसर होतो. नियम ज्यांना अक्कल नसते त्यांच्यासाठी असतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?
बायको मात्र शब्द न् शब्द ऐकत होती. घरी येताच नम्रताने वरच्या फळीवरचे माझे शर्ट खाली आणून ठेवले. हा अपमान आहे.

६ मे. सकाळी.
आग नाही! मणक्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. रात्रभर झोपलो. नम्रता म्हणाली, "तुमचं कण्हणं ऐकू येईना, तर मीच दचकून जागी झाले."
दोघं किनाऱ्यावर चालत गेलो. यापूर्वी कधी गेलो होतो, दोघांनाही आठवेना. परत येताना ती गुणगुणत होती. मी तिला समजावलं की ही इच्छाशक्ती आहे, करंट निमित्तमात्र.
डिसेंबरात ईशाचं लग्न. अख्खं लग्न उभ्याने पार पाडणार. खुर्ची दिसली तर फेकून देईन.
आंघोळीवरून वाद. शेवटी ओल्या फडक्याने अंग पुसून घेतलं. म्हणजे तिने पुसलं.

७ मे
स्कूटरची चावी गायब. नम्रताला विचारलं तर म्हणे, "कसली चावी?"
निषेध म्हणून दुपारी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

८ मे
शेजारच्या दीपकच्या गाडीतून रत्नागिरीला, लग्नाचे कपडे बघायला. शोरूमच्या दारात चोरी पकडणारं ते गेट. अशा ठिकाणी मशीन बंद करून, बाजूने आत सोडायला सांगायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं. भर दुकानात पट्टा चाचपत उभा राहू? छाती काढून सरळ गेलो.
पायातून जो झटका गेला! मी ओरडलो नाही. मोठ्याने खाकरलो. वॉचमनने खुर्ची आणली. बसलो, पण त्याच्या समाधानासाठी.
निष्कर्ष: गेट सदोष.

९ मे
दीपक त्याच्या परसातला हापूस काढत होता. मी फक्त सुपरव्हिजन. शेंड्याचं एक फळ त्याला दोनदा चुकलं. लांब काठीला जाळी लावलेली ती घळ धरायची कशी, हेच हल्लीच्या मुलांना ठाऊक नाही. "काका, ऱ्हाऊंदे, तुमच्या पाठीत वायरी हत," असं तो म्हणेपर्यंत मी घळ घेतलीसुद्धा.
फळ एका झटक्यात जाळीत. देठासकट!
त्यानंतर करंट पायाऐवजी बरगडीत लागतोय. मशीन ॲडजस्ट होत असावं.

१० मे
पाय पेटलाय. हवा दमट आहे. रिमोटवर करंट वाढवला, तर बरगडी उडाली आणि चहा सांडला. बॅटरी हलक्या दर्जाची.
नम्रताने विचारलं, "हात वर केला होतात?" मी साफ नाही म्हटलं. तेवढ्यात दीपक आंब्यांची पाटी घेऊन आला आणि म्हणाला, "काकी, काकांनी काढलेला वर ठेवलाय हां."
मला वाटलं, आता ती ओरडेल. त्याची तयारी होती, मुद्दे होते. ती पाटी घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, तेव्हा डोळे लाल. "दोन दिवस किती बरे गेले होते ओ," एवढंच बोलली आणि डॉक्टरांना फोन लावला.
एकही मुद्दा वापरता आला नाही.

१२ मे, सोमवार. कोल्हापूर.
एक्स-रे काढला. वायर जागेवरून बाजूला सरकली आहे. डॉक्टर राहींनी वायरी ओढून काढल्या. काही दुखलंसुद्धा नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. त्या रागावल्या नाहीत. जखम भरल्यावर पुन्हा ट्रायल करता येईल म्हणाल्या. फायदा होतोय, एवढं तरी कळलं.
मग नियम पुन्हा सांगितले. मला नाही, नम्रताला. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी सिस्टरना सांगितलं की मी सेफ्टी ऑफिसर होतो. त्या म्हणाल्या, "हो काका, बसा."

संध्याकाळी.
परतीला मी पुढेच बसणार, असं दीपकला ठणकावून सांगितलं. वायरी चिकटपट्टीवर ठेवणं ही मूळ डिझाइनचीच चूक कशी, हेही सांगितलं. नम्रता खिडकीबाहेर बघत होती.
आंबा घाट लागायच्या आधीच मागे जाऊन आडवा झालो. उशी तिने सकाळीच गाडीत टाकली होती.