खोकलेबुवा आणि तीन रात्री

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मनात फार साठलं की माणूस पंपासारखा हवा धरतो, म्हणून लिहायचं.
बातमी मोठी आहे. आमच्या लाडक्या बँडचे साउंडवाले काका रिटायर झाले. त्यांच्याकडे मूळ रेकॉर्डिंगच्या चार पेट्या आहेत. या बँडच्या कॅसेट जमवणाऱ्या आमच्या संग्राहक मंडळात ज्याचा कान सगळ्यात तयार, त्याला पेट्या देणार म्हणतात. पंधरा तारखेला मंडळाची बैठक, काका स्वतः येणार.
म्हणजे पेट्या माझ्या. मंडळात दुसरं आहे कोण? एक दातांचा डॉक्टर आणि नऊ माना डोलावणारे.
मी पंपदुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला लागलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आज वर्कशॉप माझं. कशाच्या जोरावर? कानाच्या. पंप सुरू करा, कुठलं बेअरिंग गेलं ते मी रस्त्यावरून सांगतो. बँड तर पंपापेक्षा सोपा. गळत नाही.

४ मार्च, बुधवार.
आमचा बँड एक गाणं दोनदा सारखं वाजवत नाही. वाजवता वाजवता सुचेल तिकडे जातात. तेच गाणं आज बारा मिनिटं, उद्या चाळीस. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची कॅसेट हवी. माझ्याकडे चारशे अकरा आहेत. सौ. म्हणते, त्यातल्या चारशे सारख्याच. बिचारी.
बैठकीत भाषण करायचं ठरवलं. विषय: 'लांबवालं' गाणं, तीन रात्री, तीन भाव. एका जुन्या नोव्हेंबरच्या सात, आठ आणि नऊ तारखेच्या कॅसेट माझ्याकडे आहेत. तीन वेगवेगळ्या माणसांकडून अदलाबदलीत मिळवल्या. तिन्ही एकत्र असलेला मी एकटाच.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून ऐकणे.

५ मार्च, गुरुवार. सकाळी ९.
आत्ताच उठलो. ताजा कान जास्त महत्त्वाचा.

६ मार्च, शुक्रवार.
तिन्ही ओळीने ऐकल्या. काय फरक! सातला शोध आहे. आठला बंड आहे. नऊला मात्र शांती. सगळं किंचित संथ, आवाज जरा खाली उतरलेले. तीन दिवसांत माणसं पिकली. डोळे भरून आले.
आणखी एक शोध लागला. तिन्ही रात्री, अकराव्या मिनिटाला, एक माणूस खोकतो. तीन वेळा. लागोपाठ तिन्ही कार्यक्रमांना हजर! तेही घसा खराब असताना! याला म्हणतात भक्ती. मी त्याचं नाव खोकलेबुवा ठेवलं.
सौ. शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. म्हणाली, अहो, एकच कॅसेट तीनदा कशाला लावता? मी हसलो. संगीत सगळ्यांना कळत नाही, त्याला इलाज नाही.

८ मार्च, रविवार.
मेहुणा आला. त्याला बसवून खोकला ऐकवला. म्हणाला, दाजी, हा माणूस डॉक्टरकडे का जात नाही? ह्यांचं खानदानच असं.
सौ. पुन्हा तेच. खोकल्यानंतर बाटली पडते, मग एक बाई 'उचला आता' म्हणते, तिन्हीत. मी समजावलं की खोकलेबुवांच्या शेजारी रोज तीच बाई बसत असणार. नवरा-बायको असतील. मेहुणा म्हणाला, आणि रोज तीच बाटली? मी त्याला दुसरा चहा विचारला नाही.

११ मार्च, बुधवार.
वर्कशॉपवर गिऱ्हाईक पंप घेऊन आलं. सुरू करताच सांगितलं, पट्टा सैल आहे, म्हणून मंद चालतो आणि आवाज बसलाय. माणूस बघतच राहिला.
घरी येऊन नऊ तारीख पुन्हा ऐकली. तो संथपणा! तो खालचा स्वर! हे शिकवून येत नाही.

१३ मार्च, शुक्रवार.
मंडळाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: खोकलेबुवा जिथे असतील तिथून पुढे यावे, सत्कार करायचा आहे. फुलं आणि खोकल्याच्या गोळ्यांची बरणी आणली. दातांचा डॉक्टर म्हणाला, तुम्ही थोर आहात. हेवा माणसाला नम्र करतो.
पेट्यांसाठी बैठकीची खोली रिकामी केली. सोफा गॅलरीत.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळी ८.
पाठ धरली म्हणून टेपरेकॉर्डर उचलायला सौ. आणि मेहुणा आले होते. नसते आले तर बरं झालं असतं.
भाषण रंगलं. शोध, बंड, शांती. तिन्ही वेळचं अकरावं मिनिट ऐकवलं. काका डोळे मिटून बसले होते. मी विचारलं, काका, हा भक्त कोण, आपल्याला ठाऊक असेल.
काका म्हणाले, मी.
टाळ्या मीच सुरू केल्या. बरणी त्यांच्या हातात दिली. काका म्हणाले, अहो, थांबा. सात तारखेला माझा घसा बसला होता. आठला आम्ही दिवसभर प्रवासात होतो. नऊचा कार्यक्रम ड्रमरच्या दाढेमुळे रद्द झाला.
दातांचा डॉक्टर इतका हसला की त्याच्याच दाढा मोजता आल्या.
काकांनी विचारलं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही? मागून सौ. म्हणाली, मी दहा दिवस सांगतेय. बाटली तीच, बाई तीच. आणि तिसरी कॅसेट ज्या मशीनवर उतरवली, त्याचा पट्टा सैल होता.
काका उठून उभे राहिले. माझ्यासाठी नव्हे.

१६ मार्च, सोमवार.
शांतपणे विचार केला. कॅसेट एकच असेल. पण मी ती तीन वेळा वेगळी ऐकली. हे किती जणांना जमतं?
काकांना तसं पत्र लिहिलं. पेट्यांसाठी खोली तयार आहे हेही कळवलं.

१९ मार्च, गुरुवार.
पेट्या आल्या! चारही! आमच्याच पत्त्यावर!
नाव सौ.चं. सही तिनेच केली. मी उचलायला मदत केली. पाठ पुन्हा धरली.

२१ मार्च, शनिवार. दुपारी ४.
सौ.ने पहिली टेप लावली. मी शेजारी बसून समजावून सांगत होतो. ती चार वेळा म्हणाली, गप्प बसा ना. पाचव्यांदा म्हणाली, जरा चहा टाका.
चहा घेऊन आलो तर दार आतून बंद. ठोठावलं. म्हणाली, थांबा हो, गाणं चालू आहे. विचारलं, कुठलं?
लांबवालं.
सोफ्यावर जाऊन बसलो. गॅलरीत ऊन फार आहे.