ट्रेलरातली बाई मरत न्हाई

तीर्थपुरी,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. साक्षी हिस,
आजीचा जयभीम अन् पाठीत एक धपाटा. वि. वि.

इकडं सगळे बरे हायेत, माझा गुडघा सोडून. हे पत्र मी तुझ्या बापाच्या सांगण्यावरून लिहून राह्यले. राजानंद म्हणला, माय, तू लिही, ती तुझंच ऐकती. तर त्याचं म्हणणं आधी उतरून काढते, म्हणजे माझी सुटका.

तुझ्या काकाच्या पायलनं त्याला मोबाईलवर तुझी जाहिरात दाखवली. त्यात एक बाई, अंगावर कमी अन् केसांत जास्त कपडा, बाजूला कवटी, अन् खाली तुझं नाव. तुझा बाप हेडमास्तर. मे महिन्यात रिटायर होणार, शाळेत सत्कार होणार, अन् गावभर ही कवटी फिरून राह्यली. तो म्हणतो, हे बंद कर. तवर तो तुझा फोन उचलणार न्हाई. झालं. त्याचा भाग संपला.

आता माझं. नोकरी बराबर चालू हाय, पगार येतो, मंग इतवारी खोलीत माणसं गोळा करून तू काय दाखवती? सिनेमा न्हाई, सिनेमाच्या जाहिराती! चाळीस वर्सांच्या जुन्या, भुताच्या अन् दरोड्याच्या, ज्यांचा सिनेमा कुणाला आठवत बी न्हाई. लग्नाला जायचं अन् नुसता वास घेऊन घरी यायचं, असलं हे. लोक पैसे देऊन येतेत म्हणं. हसायला येतेत का? हसत असतील तर कुणाला हसतेत? ते मला लिही. खोटं लिहू नको.

अन् एक सांगते, जे तुझ्या बापानं तुला कधी सांगितलं नसंल. तुझा आज्या टुरिंग टाकीजच्या, फिरत्या सिनेमाच्या तंबूत भोंग्यावर होता. तू ज्या जाहिराती शोधून राह्यली, तसल्यांची एक आख्खी रीळ माळ्यावरल्या पत्र्याच्या पेटीत हाय. सत्काराच्या आधी घराला रंग द्यायचाय, म्हणून राजानंद ती पेटी भंगारवाल्याला देतो म्हणतो.

लोभ हाय तेवढा राहू दे. वाढवायची जल्दी न्हाई.

तुझी आजी,
प्रभावती


पुणे,
ता. १५ जानेवारी २०२५

ती. आजीस,
साक्षीचा जयभीम. धपाटा पोचला, जोरात बसला. वि. वि.

आजी, पेटी देऊ नकोस! तुझे गुडघे, माझी शपथ, काय लागेल ते घाल, पण पेटी अडव. भिवा आजोबा सिनेमाच्या तंबूत होते हे मला सव्विसाव्या वर्षी कळतंय. पप्पा तर म्हणायचे की ते बाजारात काम करायचे.

तू विचारलंस कुणाला हसतात. खरं सांगते, आधी लोक हसायलाच येतात. डोंगर पुठ्ठ्याचा असतो आणि वाऱ्याने हलतो. भुताच्या मुखवट्याची नाडी मानेमागे दिसते. कुणीतरी घसा फाडून शपथेवर सांगत असतो की असं दृश्य तुम्ही जन्मात पाहिलेलं नाही. मग एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, असं तासभर चालतं, आणि कधीतरी खोलीतलं हसणं बदलतं. पुढे सरसावून बसतात. मी स्वतः ऑफिसात दिवसभर फ्लॅटच्या जाहिराती कापते आणि जोडते. त्यात सगळ्यांचे दात पांढरे आणि कुणालाच काही हवं नसतं. या जुन्या ट्रेलरांमध्ये सगळ्यांना सगळं हवं असतं, तेही तीन मिनिटांत. काही घाणेरडे आहेत, जिथे बाईला नुसतं फरफटवतात. ते मी लावत नाही. पण बाकीच्यांत काय आहे की मी ते पुन्हापुन्हा बघते, हे मला नीट सांगता येत नाही. पप्पांना तर मुळीच नाही.

पप्पा वेळेवर जेवतात ना? मी रोज एकदा फोन लावते. वाजून वाजून बंद होतो.

लोभ वाढवला नाहीस तरी धपाटे कमी करू नकोस.

तुझी,
साक्षी


तीर्थपुरी,
ता. २७ जानेवारी २०२५

चि. साक्षी हिस,
जयभीम. वि. वि.

पेटी सुगराबीच्या पलंगाखाली हाय. ही आपली शेजारीण. तिचा नवरा पाशामियाँ तंबूतली मशीन चालवायचा अन् तुझा आज्या भोंगा. दोघं बी गेले, आम्ही दोघी उरलो भांडायला. पेटीवर आता तिची मांजर निजती. तुझ्या बापानं विचारलं, पेटी गेली का? मी म्हणले, गेली. कुठं गेली ते त्यानं विचारलं न्हाई.

आता ऐक. सिनेमाच्या पेट्या एसटीनं यायच्या अन् एसटीनं परत जायच्या. संगं ट्रेलरचे तुकडे यायचे, ते कुणी परत मागायचं न्हाई. पाशामियाँनं ते एकाला एक चिकटवून मोठी रीळ केली. जांबच्या जत्रेत, इथल्या बाजारात, गर्दी बसंपर्यंत ती लावायची. तिचा आवाज बंद करून तुझा आज्या पडद्याच्या बाजूला उभा राहून आपल्या बोलीत बोलायचा. शेवटाला म्हणायचा, पुढल्या बाजारी, ह्याच तंबूत! पुढल्या बाजारी तोच देवाचा सिनेमा, तीच तुटकी रीळ. त्यातले निम्मे सिनेमे आमच्याकडं कधीच आले न्हाईत. लोकांनी त्याला बडवला न्हाई ही मेहरबानी.

मी बायांच्या दारावर बसायचे. मी अक्षरं तिथंच शिकले, पोस्टरवरून. शाळेतली पोरं क कमळाचा शिकली, मी ख खुनाचा शिकले. म्हणून माझा ख अजून बी सगळ्यात मोठा येतो.

एक नंदाबाई यायची. गिरणीत दळण टाकायची, नंबर येईपर्यंत तंबूत घुसायची, नुसते ट्रेलर बघायची अन् पीठ घेऊन घरी. सासूच्या हिशेबात ती गिरणीतच. मी तिला तिकीट मागितलं न्हाई. तिला त्यातली एक दरोडेखोर बाई लई आवडायची, घोड्यावरून मागं वळून बंदूक झाडती ती. एकदा तो सिनेमा खरंच आला. नंदाबाईनं सासूला काय थाप मारली देव जाणे, पण सगळा बघितला. शेवटाला ती बाई नवऱ्याच्या पायावर पडती, माफी मागती, अन् गोळी खाऊन मरती. नंदाबाई बाहेर आली ती तोंड वाकडं करून. म्हणली, प्रभावती, मला आपली जाहिरातच दाखवत जा, तिच्यात ती मरत न्हाई.

तुला जे सांगता येत न्हाई ते हेच असंल. नसंल तर तू आपलं शोध.

सुगराबीचा नातू मुझफ्फर मोसंबीची गाडी घेऊन पुण्याला येणार हाय. पेटी त्याच्यासंगं देते. मोसंबी बी देते, ती खा, वाटत फिरू नको.

लोभ, गुडघा, सगळं हाय तसंच हाय.

तुझी आजी,
प्रभावती


पुणे,
ता. २६ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
जयभीम. मोसंबी खाल्ली, थोडी वाटली. वि. वि.

रीळ कॉम्प्युटरवर उतरवली. आजी, चित्र जिवंत आहे! कडेला बुरशी आहे, मध्येमध्ये ओरखडे आहेत, पण घोडा आहे, बंदूक आहे, नंदाबाईंची ती बाई मागे वळते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून उभी राहिले.

पण आवाज गेला. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, ती ओलीने खाल्ली. नुसती खरखर येते. २७ एप्रिलला इथे एका छोट्या हॉलमध्ये ही रीळ दाखवायची ठरली आहे. सगळे म्हणतात मागे संगीत घाल. मी घालून पाहिलं, ते फ्लॅटच्या जाहिरातीसारखं वाटतं. तुमच्या तंबूत आवाज तर आजोबांचाच होता. ते काय बोलायचे, तुला आठवतं का? जेवढं आठवेल तेवढं लिही. ते मिळालं नाही तर ही रीळ मी दाखवणार नाही, मुकी दाखवली तर लोक फक्त हसतील.

पप्पांचा फोन अजून नाही.

तुझी,
साक्षी


तीर्थपुरी,
ता. ५ मार्च २०२५

चि. साक्षी हिस,
जयभीम. वि. वि.

मला आठवत न्हाई. मी दारावर बायांशी भांडून राह्यले होते, माझं ध्यान कुठं? सुरवात तेवढी येती: आली, आली, आली हो, घोड्यावर बसून आली! सुगराबीला विचारलं तर ती म्हणली तिचं लक्ष नेहमी पाशामियाँच्या मशीनकडं, कधी पेटती ह्या भ्यानं.

पण एकाला सगळं येतं. अक्षर न् अक्षर. तुझ्या बापाला.

त्याला ते हौसेनं आलेलं न्हाई. शाळेतली पोरं त्याला बघितलं की आली आली करायची. सातवीत असताना भाषणाच्या स्पर्धेत नाव दिलं, पाठांतर पक्कं, स्टेजवर चढला, तोंड उघडलं अन् मागून सगळी पोरं भोंगा झाली. तो खाली उतरला. त्या दिवसापासून त्याचा आवाज मोठा झालेला मी ऐकला न्हाई. लोक म्हणतेत, सर लई शांत स्वभावाचे. स्वभाव कसला! बापाचा आवाज हाय त्याच्या गळ्यात, पाय देऊन दाबून ठेवलाय.

मी विचारणार न्हाई. तू विचार. फोन उचलत न्हाई, पण पत्र आलं तर वाचल्याशिवाय त्याला राहवत न्हाई, चुका काढायला तरी वाचंल. त्याला कलाबिला समजावू नको, माफी बी मागू नको. तुझ्या आज्याचं पुढचं वाक्य काय होतं, येवढंच विचार.

लोभ हाय.

तुझी आजी,
प्रभावती


तीर्थपुरी,
ता. १९ मार्च २०२५

चि. साक्षी हिस,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवून ते सोबत परत पाठवत आहे.

पेटी भंगारात गेली नाही हे मला तुझ्या पत्रातून कळले. याबाबत तुझ्या आजीशी बोलणे झाले. त्यातून निष्पन्न काही झाले नाही.

तू विचारलेला मजकूर मला येतो. तो लिहून पाठवावा म्हणून काल शाळेत मधल्या सुट्टीत बसलो. दोन ओळींपुढे गेलो नाही. वडील पडद्याकडे पाहून बोलत असत. चित्र समोर नसेल तर पुढचा शब्द येत नाही. तरी ते चित्र पायलच्या फोनवर पाठवावे. माझ्या फोनवर नको.

याचा अर्थ माझी संमती आहे असा काढू नये. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे पप्पा,
राजानंद


तीर्थपुरी,
ता. १ एप्रिल २०२५

चि. साक्षी हिस,
जयभीम. वि. वि.

तू चित्र पाठवलं त्याची हकीकत लिहिते. तुझा बाप स्वतः न्हाई लिहिणार.

इतवारी सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसला. पायलनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. आधी चष्मा पुसला. भूत आलं, हा गप्प. दुसरं भूत आलं, हा गप्प. विहिरीतली बाई आली तेव्हा व्हट हालले. मी चुलीपाशी भाकरी करून राह्यले होते, तरी माझं ध्यान तिकडंच.

मंग घोड्यावरची आली अन् हा उभा राह्यला. आली, आली, आली हो! घोड्यावर बसून आली, बंदूक घेऊन आली! सासर सोडलं, माहेर सोडलं, डोंगर धरला! बघा बाप्या माणसांनो, बायकोला बोलायच्या आधी बघून घ्या! फोनवर मला तुमचं एक अक्षर ऐकू येत न्हाई, पण हे चुलीपातूर बराबर आलं. सुगराबी ओढणी सावरत पळत आली अन् म्हणली, भिवाभाईचा भोंगा कुणी चालू केला? गल्लीतली माणसं जमा झाली. त्यात त्याच्या शाळेतली दोन पोरं बी होती. सरांचा असा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, त्यांची तोंडं उघडीच. ह्यानं त्यांना बघितलं. मी मनात म्हणले, आता खाली बसतो. बसला न्हाई. शेवटापर्यंत बोलला: पुढल्या बाजारी, ह्याच तंबूत! अन् ते म्हणून स्वतःच हसला, कारण ती थाप होती हे त्याला बी म्हाईत हाय.

माझी एक भाकर करपली. बाकी काही झालं न्हाई.

मंग त्यानं तुला फोन केला. पाठ करून उभा होता. काय बोलला ते तुलाच म्हाईत.

पायल म्हणली, काका, आवाज भरून ताईला पाठवू. त्याला हा न्हाई म्हणला. वडलांनी कधी आवाज डब्यात भरला न्हाई, जो बोलंल तो पडद्याच्या बाजूला उभा राहून बोलंल. येतो असं तोंडानं म्हणला न्हाई. पण सत्कारासाठी घेतलेला शर्ट काल इस्त्रीला दिला, अन् सत्कार तर मे महिन्यात हाय.

मी बी येऊन राह्यले, सुगराबी बी. मुझफ्फरच्या गाडीत मोसंबीच्या पुढं बसून. हॉलमधी मला चांगली जागा देऊ नको. एक खुर्ची दारापाशी ठेव. दारावर मी बसते. घाईघाईत एखादी बाई आली अन् नुसता घोडा बघून जाते म्हणली, तर मी तिला फुकट सोडणार हाय. तुझ्या खर्चाचं तू बघ.

ह्या खेपेला लोभ थोडा वाढला तरी चालंल.

तुझी आजी,
प्रभावती