पट्टी सोडली की रडायचं!

८ फेब्रुवारी १९९९

अमितानं आमच्या घराचं नाव केबलवाल्यांना देऊन टाकलं! आईला विचारायचं? छे! तो कार्यक्रम — जुनाट घर निवडतात, तीन दिवसांत चकाचक करतात, मग डोळ्यांवरची पट्टी सोडतात आणि घरवाले रडतात. अख्खं मल्हारगंज बघतं. मीपण बघते, खोटं कशाला बोलू.

हे म्हणाले, "आपण काय भिकारी आहोत?" आणि परत खुर्चीत. मिल बंद झाल्यापासून तीच खुर्ची — सात वर्षं! साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, जॉबर होता हा माणूस — माग दुरुस्त करणारा. बिघडलेला साचा नुसता हात लावून ओळखायचा. आता म्हणे, "आपल्याला कोण विचारतो." मला रंग नको, फरशी नको. हे उठले पाहिजेत, बस.

११ फेब्रुवारी

निवडलं आम्हाला! अमिता नाचतेय.

१२ फेब्रुवारी

धनेश भिया येऊन गेला. कार्यक्रमाचा डायरेक्टर, अँकर, सबकुछ तोच. घरातसुद्धा गॉगल. म्हणतो, "आंटीजी, पट्टी खुलते ही रोना है। अंकलजी चुपचाप बैठेंगे, टूटे हुए।" टूटे हुए म्हणे! माझा नवरा काय कपबशी आहे? पण राग गिळला. पोरगी हात जोडून उभी होती.

कोणी शोरूमवाले सेठ सोफा देणार आहेत. फुकट!

१५ फेब्रुवारी

समोर शांताबाईंकडे मुक्काम. आपल्याच घरात जायला बंदी! दिवसभर ठोकाठोकी. हे त्यांच्या खिडकीत. मिस्त्रीनं दार उलटं बसवलं तेव्हा अर्धे उठले — मग बसले.

१६ फेब्रुवारी

संध्याकाळी धनेश आणि सेठ पलीकडे गाडीपाशी बोलत होते. ऐकू येणं शक्यच नाही. पण मिलमध्ये साच्यांचा एवढा खडखडाट की तिथे सगळे ओठ बघूनच बोलायचे. ह्यांनी खिडकीतून सगळं वाचलं! "शूटिंग झालं की सोफा परत नेणार. म्हाताऱ्याला नंतर सांगू म्हणतायत."

मी पदर खोचून निघालेच होते. ह्यांनी हात धरला. "शांताबाईंकडे शाल आणि नारळ मिळेल का बघ." आणि हसले. किती वर्षांनी बाई!

१७ फेब्रुवारी

काय काय लिहू! पट्टी सोडली तर भिंती गुलाबी — बँडवाल्याच्या कोटासारख्या. मला हसूच फुटलं. "कट! आंटीजी, रोइए!" तीनदा. ग्लिसरीन घातलं, तरी हसतेच आहे. मग विचारलं, देव्हारा कुठाय? तर प्लायवूडच्या मागे! "फ्रेम में नहीं जम रहा था।" देव आत कोंडलेले! तेव्हा मात्र खरं रडू आलं, रागानं. धनेश एकदम खूष.

तेवढ्यात हे उभे राहिले. कॅमेरा चालूच. मिलमधला आवाज काढला — "सेठजी ने ये सोफा हमारे परिवार को हमेशा के लिए भेंट दिया है!" सेठांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. दारात जमलेल्या गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला. शांताबाईंनी तर ओवाळलं! सेठ घामाघूम. "हाँ हाँ भाभीजी, आपका ही है।" धनेशनं पहिल्यांदा गॉगल काढला.

हसून हसून पोट दुखतंय. इतका अभिमान वाटला ह्यांचा की विचारू नका.

१८ फेब्रुवारी

प्लायवूड ह्यांनीच उचकटलं. देव बाहेर आले. दूध-साखरेचा नैवेद्य.

२२ फेब्रुवारी

काल एपिसोड लागला. ह्यांचं भाषण कापलं नाही, उलट मागे म्युझिक टाकलं! आज भाजीवालासुद्धा "क्या हीरो" म्हणाला.

आणि हीरो? सोफ्यावर. सकाळी सोफा, दुपारी सोफा. त्यात तो इतका मऊ की बसलेला माणूस उठायचंच विसरतो. आज बोलून टाकलं, "यापेक्षा खुर्ची परवडली!" रडू आलं मला. आज कॅमेरा नव्हता.

१ मार्च

बाजारातून आले — सोफा गायब! सेठ घेऊन गेला की काय? नाही. ह्यांनीच एका रेडीमेड कपडेवाल्याला दिला. बदल्यात तीन शिलाई मशिनी, तिन्ही बंद पडलेल्या. नव्या फरशीवर तेल, गुलाबी भिंतीवर ग्रीसची पाच बोटं. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी.

मान वर न करता म्हणाले, "सुलू, सरक. उजेड अडतोय."