डावे दार, गुडघा

मी, एनिड मॉड कॉपल्स्टन, वय एकोणऐंशी, पूर्वी लोकरीच्या दुकानाची मालकीण व अद्याप कादंबरीकार, राहणार मॉल्टहाउस लेन, हॅल्सबी, लिंकनशायर, हे स्वहस्ते लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो पाहून माझ्या भाचीला नवल वाटेल. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. दुसरे रागाच्या भरात केले होते. तो राग कोणावर होता आणि त्यात चूक कोणाची होती, हे पुढे पाचव्या कलमात येईल.

कलम १. मला हॅल्सबीच्या दफनभूमीत, भिंतीलगत, माझ्या वडिलांशेजारी पुरावे. पाद्रीबाबांना माझ्याविषयी बोलायचेच असेल, तर त्यांनी माझी एकही कादंबरी वाचलेली नाही हे आधी कबूल करावे. नंतर लोकांना मनुकांचा पाव, चीज आणि कडक चहा द्यावा. पावावर लोणी हात सैल सोडून लावावे, कारण माझ्या आईच्या वेळी ते कमी पडले होते आणि मावशी त्यावरून अजून बोलत असतील, वर स्वर्गात.

कलम २. माझे राहते घर मी माझी भाची फिलिपा गार्साइड हिला देते. गेल्या नाताळात तिने मला विचारले होते, "आत्या, या घरात जागा तुला जास्त आहे की कागदांना?" उत्तर कागदांना असे आहे, आणि ते चौथ्या व सहाव्या कलमाप्रमाणे बाहेर पडेपर्यंत घर विकता येणार नाही. पोरगी मनाने चांगली आहे. तिला फक्त रिकामी टेबले आवडतात.

कलम ३. बँकेतील सर्व शिल्लक परगण्याच्या दफ्तरखान्यातील वाचन-खोलीला द्यावी, आणि ती खोली गरम ठेवण्याखेरीज दुसऱ्या कशावर खर्च करू नये. मी तिथे सव्वीस हिवाळे तीन-तीन स्वेटर घालून बसले आहे. खोके आणून देणाऱ्या बायकांनी मला कधी घाई केली नाही, आणि मी चुकीचे खोके मागितले तर न विचारता योग्य ते आणले. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे व तो मी त्यांना तोंडावर कधी सांगितला नाही, म्हणून इथे सांगते.

कलम ४. माझी हत्यारे: भिंग, पेन्सिलींचा डबा (दफ्तरखान्यात शाई चालत नाही), चरबीच्या मेणबत्त्यांचे खोके, आणि मी स्वतः शिवलेला उंच कमरेचा झगा, आतल्या आवळपट्ट्यासकट. हे सर्व गुरुवारच्या लेखन-वर्गातील जिला कोणाला वेड्या राजाच्या जागी युवराज कारभार पाहत होता त्या नऊ वर्षांतल्या नाटकवाल्यांवर कादंबरी लिहायची असेल, तिला द्यावे. तिने झगा घालून नाटकगृहाचे जिने चढावे-उतरावे. आपले जुने नाटकगृह आता बियाण्यांचे कोठार आहे, पण रंगमंचाच्या दोन्ही बाजूंचे जिने अजून शाबूत आहेत. डावीकडचा सोपा आहे, उजवीकडचा शिडीसारखा उभा. मी एकोणचाळीस वर्षांची असताना तो उजवा जिना त्या झग्यात चढले आणि वर पोचल्यावर मला एक वाक्यही धड बोलता येईना. मग सहा मेणबत्त्या लावून कोठाराच्या मालकाला समोर उभे केले. तीन पावलांपलीकडे त्याचे नाक दिसेनासे झाले. त्या उजेडात, त्या धुरात, ती माणसे एका संध्याकाळी दोन नाटके आणि मध्ये एक गाणे करत, दुसऱ्या दिवशी नव्या भूमिका पाठ करत, आणि हंगाम संपला की सामानाच्या गाडीमागून पुढच्या गावापर्यंत चालत जात. मी आयुष्यभर त्यांच्यावर लिहिले याचे कारण एवढेच, की अशी माणसे मला दुसरी भेटली नाहीत.

कलम ५. हे कलम देणगीचे नाही, कबुलीचे आहे. माझी चौथी आणि सर्वांत जास्त खपलेली कादंबरी सबाइना डॉरेल या नटीवर आहे. ११ नोव्हेंबर १८१४, शुक्रवार, हा तिच्या मानाचा खेळ होता. अशा खेळाचे उत्पन्न ज्याचे त्याला मिळे, आणि त्यासाठी नट-नट्या स्वतः दारोदार तिकिटे खपवत. त्या दिवसाच्या हँडबिलावर तिचे नाव ठसठशीत आहे. पुढच्या बुधवारच्या हँडबिलावर तिच्या सगळ्या भूमिका कोणी मिसेस टील करते आहे. डॉरेल हे नाव त्यानंतर कुठेच नाही. खेळाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, गावातली पलटण हलली होती. मी नाव आणि पलटण यांचा बादरायण संबंध जोडला आणि सबाइनाला भर खेळातून एका लेफ्टनंटबरोबर पळवले. वाचक रडले. २००१ साली गावाने कोठाराच्या भिंतीवर पाटी लावली: "येथून सबाइना डॉरेल रंगमंच सोडून गेली." शाळेच्या सहली तिथे थांबतात. मास्तरीणबाई पोरांना सांगतात की हातातले काम असे अर्धवट टाकू नये.

२००८ साली वाचनालयात माझ्या भाषणानंतर रोलंड पिकव्हान्स उभा राहिला. तो वकिलाच्या कचेरीत चाळीस वर्षे कारकून होता, हँडबिले जमवतो, आणि तोवर दर रविवारी माझ्याकडे जेवायला येत असे. तो सत्तर लोकांसमोर म्हणाला, "एनिड, नाव गेलं म्हणजे बाई गेली असं नाही. लग्न झालं असेल."

मी म्हणाले, "लग्न झालं तर हँडबिलावर 'पूर्वाश्रमीची अमुक' असं छापायचे. हे इथल्या बालवाडीलाही माहीत आहे."

"छापायचं नसेल तर?"

"आणि चर्चच्या नोंदवहीत डॉरेल नाही. मी पाहिलं आहे."

"डॉरेल हे तिचं खरं नाव असेल कशावरून?"

लोक हसले. त्या रविवारपासून मी त्याला घराचे दार बंद केले.

२०१२ साली लिलावात जुन्या भजनांच्या पुस्तकांचे एक खोके निघाले. रोलंडने बोली लावली म्हणून मीही लावली. तीन बोलींनंतर त्याने हात खाली घेतला. त्याला हरवल्याच्या आनंदात मी घरी येऊन शेरी घेतली आणि मग खोके उपसले. तळाशी आपल्या नाटकगृहाच्या प्रॉम्प्टरची वही होती. नऊ नोव्हेंबरला त्याने समासात लिहिले होते: "डॉ. — डावे दार, गुडघा." सोळा तारखेला, त्याच शाईने: "टी. — डावे दार, गुडघा."

डॉ. म्हणजे डॉरेल, टी. म्हणजे टील. उजवा जिना मी स्वतः चढले होते. दुखऱ्या गुडघ्याची एकच बाई त्या मंडळीत होती, आणि प्रॉम्प्टर तिची प्रत्येक एंट्री सोप्या जिन्याकडून घेत होता. ती पळाली नव्हती. मग मी चर्चची नोंदवही पुन्हा पाहिली, या वेळी टील या नावाखाली. सोमवार, १४ नोव्हेंबर: जोसाया टील, पडदे रंगवणारा, आणि सबाइना फिस्क, विधवा. डॉरेल हे फक्त तिचे रंगमंचावरचे नाव होते. पहिला नवरा जाऊन सहा आठवडे झाले होते. नाटक मंडळीच्या मालकाने गवगवा नको म्हणून 'पूर्वाश्रमीची' छापले नसावे.

ती पुढे नऊ वर्षे उभी राहिली. वहीतली तिची शेवटची नोंद १८२३ची आहे: "टी. — खुर्चीवरून. नाचात नाही. प्रेक्षक शांत." हे वाचून मी रडले, आणि तरीही सात वर्षे गप्प बसले. कादंबरीची नवी आवृत्ती येत होती, आणि रोलंड बरोबर होता हे म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. जिने पाय ओढत का होईना पण एकही खेळ सोडला नाही, तिला मी पळपुटी ठरवले. याची मला लाज वाटते.

कलम ६. सदर वही, तसेच माझी सर्व टिपणे व हँडबिले, मी रोलंड पिकव्हान्स यास देते.

येथपर्यंत लिहून झाले आणि घंटी वाजली. साक्षीदार म्हणून मी शेजारच्या मिसेस ऑटवे आणि रोलंड यांना चार वाजता बोलावले होते. माझ्या वयाला सही करणारे फारसे कोणी उरलेले नाही, आणि रोलंडने हे माझ्यादेखत वाचावे अशी माझी इच्छा होती. तो पायपुसण्यावर उभा राहिला.

"येऊ का?"

"आलास की आता. बूट पूस."

मिसेस ऑटवे म्हणाल्या, "मी तुम्हा दोघांच्या मधे बसते. काही फेकाफेकी झाली तर निदान मी मोजून ठेवीन."

रोलंडने टोपी गुडघ्यावर ठेवली. "यात माझं नाव आहे का कुठे?"

"आहे. सहाव्या कलमात."

"मग माझी सही घेऊ नकोस. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केली की देणगी गेली."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुझ्या सहा कादंबऱ्यांत चार मृत्युपत्रं आहेत, एनिड. चारही चुकीची. मी पत्र पाठवलं होतं."

"ते मी फोडलं नाही."

"वाटलंच मला."

मी त्याच्यापुढे कागद सरकवले. त्याने पाचवे कलम दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. मी कपाटातून वही आणली. ती न उघडताच तो म्हणाला, "नोव्हेंबरची पानं पाण्याने फुगली आहेत ना? खालचा कोपरा उंदराने खाल्लाय."

"तुला काय माहीत?"

"लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला ठेवला होता. अर्धा तास उभा राहून वाचली मी ती."

"मग बोली का सोडलीस?"

"मी घेतली असती तर तू म्हणाली असतीस, रोलंडने रात्री बसून स्वतःच लिहिली."

"म्हणाले असते," मी कबूल केले.

"म्हणून. ती तुझ्याच हाताला लागायला हवी होती. मला वाटलं होतं, महिनाभर घेशील."

"सात वर्षं घेतली."

"हो. मी रविवारी दुसरीकडे जेवायला शिकलो." मग त्याने कागद परत सरकवले. "मी सही करतो. वही दफ्तरखान्याला दे."

"चहा गार होतोय," मिसेस ऑटवे म्हणाल्या आणि उगाचच खिडकीबाहेर पाहू लागल्या.

ज्याला सात वर्षांपूर्वी आपले म्हणणे साऱ्या गावासमोर खरे करून दाखवता आले असते, तो माझी वाट पाहत गप्प राहिला. असा सभ्य माणूस मी माझ्या कुठल्याही कादंबरीत घातलेला नाही, कारण मला तो सुचला नसता. सबब कलम ६ मी रद्द करते. वही, टिपणे व हँडबिले मी आजच, हयातीत, माझ्या हाताने रोलंडच्या हाती दिली. त्याने वही कोटाच्या आत ठेवली.

कलम ७. माझ्या चौथ्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण मी नव्याने लिहिले असून ते वरच्या ड्रॉवरमध्ये आहे. प्रकाशकाने कादंबरी या प्रकरणासह छापावी, नाहीतर पुन्हा छापूच नये. लेफ्टनंट काढून टाकल्यावर खप पडेल, असे तिथली मुलगी म्हणेल. पडू द्यावा. कोठारावरची पाटी उतरवून नवी लावावी, खर्च दुकानाच्या जुन्या काउंटरच्या विक्रीतून करावा. तिच्यावर एवढेच असावे: "सबाइना टील, पूर्वाश्रमीची डॉरेल, नटी. दुखऱ्या गुडघ्याने डाव्या दारातून येत राहिली. पळून गेली नाही." 'पूर्वाश्रमीची' हा शब्द गाळू नये. दोनशे वर्षे तो छापायचा राहिला आहे.

कलम ८. रविवारचे जेवण पुढच्या रविवारपासून पुन्हा एक वाजता. हे मृत्युपत्रात बसत नाही असे रोलंड म्हणतो. तरी राहू द्यावे.

ठिकाण: हॅल्सबी. तारीख: गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९.

(सही) एनिड मॉड कॉपल्स्टन

साक्षीदार पहिली: (सही) जेराल्डिन ऑटवे, शेजारीण. काही फेकले गेले नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) रोलंड पिकव्हान्स, निवृत्त कारकून. बाईंनी आम्हा दोघांसमोर, शुद्धीत सही केली. मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. या वेळी तिने ते बरोबर लिहिले आहे.