सांधा नसलेली आगगाडी

नोएडा
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

सकाळी मानसी रेवाला घेऊन माहेरी, गुरुग्रामला गेली. मी कपडे मशीनला लावले आणि अकराला मार्केटमधल्या त्या खेळण्यांच्या दुकानात गेलो. बाराला एक मोठं खोकं घेऊन परत आलो. जेवलो. कपडे वाळत घातले. तेव्हापासून बसून आहे.

पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, एवढ्यात काही लिहावंसं वाटलं नाही. पण आज दुकानदाराने जे सांगितलं, ते तुमच्याशिवाय कुणाशी बोलू?

फेब्रुवारीत रेवाच्या पाचव्या वाढदिवसाला तिला पहिली आगगाडी घ्यायची होती. तुम्ही म्हणालात, मीही येतो. वाटेत तुम्ही बरंच बोललात. तुमच्या मानाने बरंच. "चाकं मोठी बघ. तिची तिला रुळावर ठेवता आली पाहिजेत. आणि नुसता गोल घेऊ नकोस रे. गोल गोल फिरणारी गाडी पोर दोन दिवस बघतं. एखादा सांधा हवा. गाडी इकडे न्यायची का तिकडे, हे तिला ठरवता आलं पाहिजे."

मी हो हो म्हणत होतो. ऐकत होतो का?

दुकानात तुम्ही काउंटरवर हात ठेवून विचारलंत, "भाईसाब, इसमें सांधा है क्या?" चाळीस वर्षं दिल्लीत नोकरी केलीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहिलात, पण तुमची हिंदी शेवटपर्यंत मराठीच राहिली. दुकानदार म्हणाला, "सांडा? अंकल, सांडे का तेल तो उधर फुटपाथ पे मिलेगा. इस उमर में क्या करोगे?" फुटपाथवर पालीसारख्या प्राण्याचं ते तेल पुरुषांना कशासाठी विकतात, हे दिल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दोन गिऱ्हाइकं हसली.

बाबा, मीही हसलो.

आणि वर म्हणालो, "बाबा, तुम्ही राहू द्या. मी बोलतो." तुम्ही काउंटरवरचा हात काढून घेतलात. "बरं. तुला कळतं त्यातलं," म्हणालात आणि दाराशी जाऊन उभे राहिलात.

माझे आजोबा, तुमचे वडील, एका लहानशा स्टेशनावर सांधेवाले होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायचं काम त्यांचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तो शब्द तुमच्या घरातला होता. तरी मी हसलो. चारचौघांत आपल्या माणसाची लाज वाटावी एवढं काय होतं त्यात?

मग मी माझ्या पसंतीचा सेट घेतला. विजेवर चालणारा, दिवा लागणारा, शिट्टी वाजवणारा. नुसता गोल. खोक्यावर मोठ्या मुलांसाठी असं लिहिलेलं मी वाचलं होतं. वाटलं, करेल की. चाकं इतकी बारीक की रेवाच्या बोटांना ती रुळावर बसवता येईनात. दर फेरीला डबा घसरायचा आणि ती "आजोबा, गिर गई!" म्हणून हाक मारायची. तुम्ही दुखरा गुडघा धरून खाली बसायचात आणि चाकं परत बसवून द्यायचात. कितीदा? "मी सांगत होतो," असं एकदाही म्हणाला नाहीत. म्हणायला हवं होतं, बाबा. भांडला असतात तर बरं झालं असतं.

तुम्ही गेल्यावर तिने दोन-तीनदा मला हाक मारली. मग मारेनाशी झाली. खोकं कपाटावर गेलं.

म्हणून आज तिला जमेल असा सेट बघायला गेलो. दुकानदाराने मला ओळखलं. "आपके फादर नहीं आए? वो पटरीवाले अंकल?" मी सांगितलं. त्याने हात जोडले. मग म्हणाला, "वो तो बाद में भी आए थे. दो बार. अकेले."

कागदावर चित्र काढून नेलं होतंत म्हणे. एका रुळाचे दोन होतात ते. "बोले, इसको तुम लोग क्या बोलते हो? मैंने कहा, पॉइंट. बोले, अच्छा, पॉइंट." मी घेतलेल्या सेटला तो बसत नाही, असं त्याने सांगितलं आणि दुसरा सेट दाखवला. जाड रूळ, मोठी चाकं, सेलवर चालणारं इंजिन, बोटाने सरकवायचा सांधा. तुम्ही तो खोलून बघितलात, रूळ जोडून बघितलेत. म्हणालात, बेटे को बोलता हूँ.

बोलला होतात. एका रात्री जेवताना म्हणालात, "अरे, ते पॉइंट असतात ना..." मी फोनवर ऑफिसचं काहीतरी बघत होतो. "एक मिनिट, बाबा," म्हणालो. ते मिनिट झालंच नाही. आणि तुमच्या तोंडी 'पॉइंट' कुठून आला, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही.

'सांधा' हा शब्द माझ्यासमोर परत उच्चारायचा नाही, असं तुम्ही ठरवलं होतंत ना?

तोच सेट आणला आहे. ही गाडी आजोबांनी निवडली, असंच मी रेवाला सांगेन. माझी म्हणून देणार नाही. आणि ती कळती झाली की त्या दिवशी दुकानात मी हसलो होतो, हेही तिला सांगेन. लपवणार नाही. हे वचन समजा.

दोघी सातला येतील. रूळ गालिच्यावर नीट बसत नाहीत. गालिचा गुंडाळून ठेवला आहे. आता बादली भरतो आणि तेवढी फरशी पुसून घेतो.

तुमचा,
सुहास